बाईंच्या मागचं आकाश

फोटोग्राफरची बायको गच्चीवर कपडे वाळत घालत होती, तेव्हा त्याने तिला अडवलं आणि कठड्याला टेकून उभं राहायला सांगितलं. हातात ओली चादर घेऊन ती तशीच उभी राहिली. नवऱ्याच्या हातात कॅमेरा असताना "कशाला?" असं विचारून काही निष्पन्न होत नाही, हे तिला कधीच कळून चुकलं होतं. संध्याकाळ होत आली होती. आकाश भांडी विसळलेल्या पाण्यासारखं मळकट दिसत होतं आणि नवरा फ्लॅशच्या तोंडावर नारिंगी जिलेटीनचा, म्हणजे पारदर्शक रंगीत कागदाचा, तुकडा रबरबँडने बसवत होता. एकदा लखलखलं. मग त्याने कॅमेरा तिच्यापुढे धरला.

फोटोत ती होती, चादर होती, चादरीवरचा कितीही घासून न निघालेला डागही होता. पण मागचं आकाश निळं होतं. साधंसुधं निळं नव्हे; पाहत राहावं आणि बोलणं विसरून जावं असं गडद, खोल निळं. तिने मान वळवून खऱ्या आकाशाकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं. चादर खाली धुळीत लोळायला लागली तरी तिला पत्ता नव्हता.

"हे कुठलं आकाश?" तिने हळूच विचारलं.

"हेच. आपल्या गच्चीवरचं."

मग त्याने तिला सगळी गंमत समजावून सांगितली. बल्बचा उजेड पिवळा असतो, म्हणून बल्बखाली फोटो काढताना कॅमेरा आपण होऊन चित्रात निळा रंग मिसळतो, म्हणजे हिशेब बरोबर होतो. आपण उघड्यावर उभे असताना कॅमेऱ्याला सांगायचं की बाबा रे, आम्ही बल्बखाली आहोत. तो बिचारा विश्वास ठेवतो आणि सगळंच निळं करून टाकतो. आकाशाला ते शोभतं, माणसाला शोभत नाही. म्हणून माणसावर पडणारा फ्लॅश नारिंगी करायचा. निळ्यावर नारिंगी पडलं की चेहरा होता तसाच राहतो आणि मागे आकाश तेवढं निळं होतं. बायकोने हे सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि नवऱ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की लग्नानंतर तशी नजर त्याच्या वाट्याला फारशी आलेली नव्हती.

त्याचं दुकान कोर्टाच्या फाटकासमोर होतं. अर्जांना, प्रतिज्ञापत्रांना, ओळखपत्रांना लागणारे चेहरे तो काढून देत असे. हसायचं नाही, दोन्ही कान दिसले पाहिजेत, चला, पुढचे या. त्याने काढलेले फोटो फायलींमध्ये डिंकाने चिकटून पडत. त्यातला एकही आजवर कुठल्या भिंतीवर लागला नव्हता आणि ही गोष्ट त्याला आतल्या आत फार लागायची. अशात मोठ्या न्यायाधीशबाई निवृत्त व्हायला आल्या. निवृत्त होणाऱ्या न्यायाधीशांची तसबीर कोर्टाच्या सभागृहात लावायची पद्धत होती. चौकातल्या मोठ्या स्टुडिओने बाईंचे फोटो काढलेही होते, पण त्यांत कपाळावरच्या आठ्या पुसून टाकलेल्या पाहून बाईंनी ते परत पाठवले. या आठ्या मी कमावल्या आहेत, त्या पुसणारे तुम्ही कोण, असं त्यांनी विचारल्याचं हेडक्लार्क सांगत होता. त्यानेच समोरच्या दुकानात येऊन निरोप दिला. एक संध्याकाळ मिळेल. बाईंना पसंत पडलं तर तसबीर तुमची, नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोठा स्टुडिओ.

ठरलेल्या संध्याकाळी कोर्टाच्या गच्चीवर सगळी तयारी झाली. बाईंची खुर्ची वर आणली होती. बाई काळा झगा घालून तीत बसल्या होत्या आणि समोरच्याने थापा मारायचा विचारही करू नये, असा त्यांचा चेहरा होता. बायको फ्लॅशचा स्टँड धरून उभी होती. हेडक्लार्क आणि बाईंचा ड्रायव्हर, दोघांचं गच्चीवर काही काम नव्हतं, म्हणून ते हजर होते. आकाश घरच्यासारखंच मळकट होतं. फोटोग्राफरने मनातल्या मनात हात जोडले आणि पहिला फोटो घेतला.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर जे उमटलं ते त्याने स्वतःच दोनदा मोठं करून पाहिलं. बाईंच्या कपाळावरची आठी न् आठी जागच्या जागी होती आणि मागे निळ्या आभाळाचा समुद्र पसरला होता. हेडक्लार्कने त्याच्या खांद्यावरून डोकावून पाहिलं आणि चष्मा काढून पुसला. ड्रायव्हरने एकदा वर पाहिलं, एकदा पडद्यावर, पुन्हा वर पाहिलं, आणि आपण इतकी वर्षं गाडीच्या काचेतून नेमकं काय बघत होतो, असं तो स्वतःशीच पुटपुटला. मग हेडक्लार्कने माझाही एक घ्या म्हणून केस नीट केले. तो केस नीट करतोय म्हटल्यावर ड्रायव्हर त्याच्या मागे रांगेत उभा राहिला.

"मला दाखवा," बाई म्हणाल्या.

फोटोग्राफरने कॅमेरा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला. मग खुर्चीत मागे वळून आकाश पाहिलं.

"हे आकाश इथे नाही," त्या म्हणाल्या.

"आहे मॅडम. म्हणजे हेच आहे. फक्त मी कॅमेऱ्याला सांगितलं, की आपण बल्बखाली बसलोय."

"आपण बल्बखाली बसलोय का?"

"नाही, मॅडम."

"म्हणजे तुम्ही त्याला खोटं सांगितलंत. आणि तो नारिंगी कागद?"

"तो आपल्या चेहऱ्यासाठी. नाहीतर त्या खोट्यामुळे चेहरासुद्धा निळा झाला असता."

"म्हणजे एक खोटं झाकायला दुसरं खोटं." बाईंनी कॅमेरा परत केला. "हे मी रोज ऐकते. त्यासाठी गच्चीवर यायची गरज नव्हती. कागद काढा आणि जे आहे ते दाखवा."

हेडक्लार्कने नीट केलेले केस पुन्हा विस्कटले आणि तो रांगेतून बाजूला झाला. फोटोग्राफरने जिलेटीन काढून बायकोच्या हातात दिलं आणि बटण दाबलं. घाईत कॅमेऱ्याची समजूत बदलायची मात्र राहूनच गेली. कॅमेरा अजून स्वतःला बल्बखालीच समजत होता. फोटोत बाई पायापासून डोक्यापर्यंत निळ्या पडल्या होत्या. हेडक्लार्कने पडदा पाहिला आणि घाबरून आधी खऱ्या बाईंकडे पाहिलं.

यापुढे जे घडलं ते फक्त या नवरा-बायकोलाच जमण्यासारखं होतं. दोघांनाही चूक कळली आणि दोघांनीही ती एकमेकांना न सांगता दुरुस्त केली. नवऱ्याने पाठ फिरवून कॅमेऱ्याला खरं सांगितलं, की आपण उघड्यावर आहोत. त्याच वेळी नवरा गडबडलेला पाहून बायकोने जिलेटीन गुपचूप पुन्हा फ्लॅशवर चढवलं. फोटो निघाला. आकाश मळकट आणि बाई पिकलेल्या संत्र्याच्या रंगाच्या. दोघंही दचकली, दोघंही मनोमन म्हणाली की चूक आपलीच, आणि दोघांनीही पुन्हा आपापली दुरुस्ती केली. नवऱ्याने कॅमेऱ्याला परत बल्बखाली बसवलं, बायकोने जिलेटीन उतरवलं. बाई निळ्या. पुन्हा तेच. बाई नारिंगी. अरुंद बोळात समोरासमोर आलेली दोन माणसं जशी एकमेकांना वाट देता देता एकाच बाजूला सरकत राहतात, तसा हा प्रकार चालला होता. बाई खुर्चीत ताठ बसून, दर वेळी कॅमेरा मागून घेऊन आपले बदलते रंग पाहत होत्या आणि त्यांच्या कपाळावर, मोठ्या स्टुडिओने कितीही घासलं असतं तरी न गेली असती, अशी एक नवी आठी चढली होती.

शेवटी बायकोने रबरबँड दातात धरून जिलेटीन पुन्हा चढवायला घेतलं, तेव्हा वाऱ्याची झुळूक आली आणि तो नारिंगी तुकडा तिच्या बोटांतून निसटून कठड्यापलीकडे तरंगत गेला. तो साक्षीपुराव्याचाच भाग असल्यासारखे हेडक्लार्क आणि ड्रायव्हर दोघेही तो पकडायला जिना उतरून खाली धावले.

बाई उठल्या.

"तुमची मेहनत दिसली," त्या शांतपणे म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं, असं फोटोग्राफरला वाटलं. "उद्या त्या दुसऱ्यांनाच बोलवू."

झगा सावरत त्या जिन्याच्या दाराकडे निघाल्या. फोटोग्राफरने मान खाली घातली. कॅमेऱ्याला त्याने उगाचच, सवयीने, खरं काय ते सांगून ठेवलं आणि तो कॅमेऱ्याचा पट्टा गुंडाळायला लागला. बायको त्याच्याकडे बघत उघडा फ्लॅश धरून तशीच उभी होती. त्याच्यापेक्षा तिलाच जास्त वाईट वाटत होतं, पण बोलून त्याचं दुःख वाढवायचं नाही एवढं तिला समजत होतं.

दाराशी बाई थांबल्या.

"आता काय केलंत तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"मी काही नाही केलं, मॅडम," तो मान वर न करता म्हणाला.

"मग हे काय आहे?"

त्याने वर पाहिलं. सूर्य बुडून गेला होता. मळकटपणा कुठे गेला कोण जाणे. वरपासून खालपर्यंत सबंध आकाश निळं झालं होतं, त्याच्या फोटोतल्यापेक्षा निळं, आणि ते अजून निळं होत चाललं होतं. कागद नव्हता, बल्ब नव्हता, कुणी कुणाला खोटं सांगितलेलं नव्हतं. छपरं, तारा, पाण्याच्या टाक्या सगळ्या त्या निळाईत बुडून स्तब्ध झाल्या होत्या. सूर्य मावळल्यावर थोडा वेळ असं होतं हे फोटोग्राफरने ऐकलं होतं. पण त्या वेळी तो दुकानाच्या ट्यूबलाइटखाली कुणाचे तरी कान मोजत असायचा.

बाई दारातून परत फिरल्या आणि सावकाश चालत कठड्यापाशी गेल्या. त्यांच्या कोर्टाच्या खोलीच्या खिडक्या उंचावर होत्या आणि त्यांना दुधी काच होती. काम संपेपर्यंत बाहेर काळोख झालेला असायचा. हे त्यांनीच सांगितलं, पण कुणाला उद्देशून नव्हे.

"हे रोज होतं?" त्यांनी विचारलं.

"बहुतेक होतं, मॅडम," तो म्हणाला. "मीही आजच पाहतोय."

कठड्यावर हात ठेवून, मान किंचित वर करून त्या बघत राहिल्या. आठ्या होत्या तिथेच होत्या, पण त्यांच्या खालचा चेहरा एखाद्या लहान मुलीला पहिल्यांदा समुद्राकाठी उभं केल्यासारखा झाला होता. फोटोग्राफर आकाशाकडे पाहावं की बाईंकडे, या पेचात दोन्हीकडे बघत नुसता उभा राहिला. हातात कॅमेरा आहे हे तो साफ विसरला होता.

"अहो," बायको कुजबुजली, "बटण."

तिने फ्लॅश उचलून धरला. त्याने एकच फोटो घेतला.

तो फोटो सभागृहात लागला. निरोपसमारंभाला सगळं कोर्ट त्याच्यासमोर गोळा झालं. रांगेत लावलेल्या ताठ, सरळ बघणाऱ्या तसबिरींमध्ये एकट्या बाई वर बघत होत्या. फोटोग्राफर भिंतीपासून जरा दूर, बायकोच्या शेजारी उभा होता आणि डोळ्यांत आलेलं पाणी कुणाला दिसू नये म्हणून उगाच छताकडे पाहत होता.

मग मोठ्या स्टुडिओचा मालक पुढे आला, त्याने आकाश जवळून न्याहाळलं आणि जिलेटीन कोणत्या नंबरचं वापरलं, असं आपुलकीने विचारलं. फोटोग्राफर म्हणाला, की जिलेटीन वापरलंच नाही, आकाश खरं आहे. मालक हसला आणि धंद्यातली गुपितं कुणी सांगत नसतं, हे आपल्याला मान्य असल्याचं म्हणाला. फोटोग्राफरने हेडक्लार्कला पुढे केलं, तर हेडक्लार्कने गर्दीला तो नारिंगी कागदाचा चमत्कार आपण डोळ्यांनी पाहिल्याचं रंगवून सांगितलं. बिचारा खोटं बोलत नव्हता. खरं आकाश निळं झालं तेव्हा तो खालच्या झुडपात जिलेटीन शोधत होता. बायको म्हणाली, की खरंच होतं हो, मी स्वतः तिथे होते. त्यावर एका वकिलाने बायकोची साक्ष काय कामाची, असं म्हणून सगळ्यांना हसवलं.

शेवटी बाईंच्या जागी येणाऱ्या नव्या न्यायाधीशांनीच त्यांना विचारलं, "मॅडम, आता तुम्हीच निकाल द्या. हे आकाश खरं की कागदाचं?"

सगळ्या माना बाईंकडे वळल्या. या इमारतीत बाईंच्या शब्दापुढे आजवर कुणाचं काही चाललं नव्हतं.

"खरं," बाई म्हणाल्या. "मी पाहिलंय."

सगळेच मनापासून हसले. बाई निवृत्तीच्या दिवशी का होईना, पण गंमत करायला लागल्या, असं म्हणत नव्या न्यायाधीशांनी टाळ्या वाजवल्या आणि त्यांच्यामागोमाग सबंध सभागृहाने.

बाईंनी पुन्हा एकदा सांगून पाहिलं, पण टाळ्यांत ते कुणाला ऐकू गेलं नाही. त्या गर्दीतून वाट काढत फोटोग्राफरजवळ येऊन उभ्या राहिल्या आणि कितीतरी वेळ तसबिरीकडे पाहत राहिल्या.

"माझ्यासमोर उभं राहून खरं बोलणाऱ्यांना," त्या हळूच म्हणाल्या, "असं वाटत असेल होय."