मौजे करंजखुटी येथील मिटणाऱ्या फोनचे फायदे व तोटे

जगातल्या यच्चयावत गोष्टींचे दोनच प्रकार पडतात : मिटणाऱ्या आणि न मिटणाऱ्या. छत्री मिटते, अडकित्ता मिटतो, पोथी मिटते आणि सभेत पाहुण्यांचं भाषण सुरू झालं की डोळे मिटतात. बांधाचं भांडण मात्र मिटत नाही. ही उणीव वरच्या लोकांच्या ध्यानात आली तेव्हा गावोगाव तंटामुक्ती समित्या निघाल्या, आणि मौजे करंजखुटी, तालुका नांदगाव खंडेश्वर, इथल्या समितीचं अध्यक्षपद चंद्रभानकडे आलं. ग्रामसभेत त्याचं नाव पुकारलं तेव्हा तो भिंतीला टेकून झोपला होता. हरकत न घेणारा असा तो एकटाच निघाला. (मौन म्हणजे संमती, हे आपल्याकडे फार जुनं आहे. घोरणं म्हणजे जोरदार संमती, ही भर करंजखुटीची.)

अध्यक्ष झाल्यावर पहिले कित्येक महिने त्यानं एकही तंटा मिटवला नाही. गडी स्वभावानं गरीब. एक बाजू बोलली की त्याला ती पटायची, दुसरी बोलली की तीही पटायची, आणि दोघांचं पटल्यावर माणसानं करावं तरी काय? अशात दिवाळीला त्याचा मुलगा किशोर पुण्याहून आला. त्यानं स्वतःसाठी नवा फोन घेतला होता, म्हणून जुना बापाला देऊन टाकला. (आईला साडी आणली होती. तीही कंपनीत बक्षीस मिळालेली.)

फोन घडीचा होता आणि किशोरच्या सांगण्याप्रमाणे स्मार्ट, म्हणजे हुशार होता. उघडला की वर पडदा, खाली ज्वारीच्या दाण्याएवढी बटणं, आणि बाहेरून आणखी एक बोटभर पडदा, त्यात घड्याळ. फोनात इंटरनेट होतं. (गावात नव्हतं, फोनात होतं.) नकाशा होता, त्यात करंजखुटी नव्हती. किशोरनं बापाला ई-मेलचा पत्ताही काढून दिला. त्यावर एकच पत्र आलं, परदेशातल्या कुणा विधवेचं. नातेवाइकांशी वाद असल्यानं तिला आपली सगळी इस्टेट चंद्रभानला द्यायची होती. चंद्रभानला फार वाईट वाटलं. "बाई, घरचं भांडण गावातच मिटवा," असं त्यानं किशोरकडून तिला कळवलं.

पण फोनातलं खरं कामाचं यंत्र म्हणजे त्याची बिजागरी. बोलणं झालं की अंगठ्यानं झाकण दाबायचं. खट्. फोन मिटला.

या खट्चा शोध अपघातानं लागला. लीलाबाई आणि केशरबाई यांचा शेवग्याच्या झाडावरून जुना वाद होता. झाड लीलाबाईच्या आवारात, शेंगा केशरबाईच्या. एकमेकींचं खानदान उद्धरत दोघी समितीपुढे उभ्या असताना फोन वाजला. पलीकडची पोरगी चंद्रभानला नवीन गाणं विकू पाहत होती. "नाई पायजे बाप्पा," असं म्हणून त्यानं झाकण दाबलं. खट्. दोघी एकदम गप्प झाल्या.

"मिटलं?" लीलाबाईनं विचारलं.

"मिटलं," चंद्रभान म्हणाला. तो फोनबद्दल बोलत होता.

"वरून फोन आला होता वाटते," केशरबाई हळूच म्हणाली, आणि दोघी डोक्यावरचा पदर सारखा करून आपापल्या घरी गेल्या.

त्या दिवसापासून कामकाजाला शिस्त आली. दोन्ही पक्षांनी बोलावं, अध्यक्षांनी फोन कानाला लावून पलीकडचं ऐकल्यासारखं करावं, मान डोलवावी, आणि मिटवावं. पहिल्याच महिन्यात एकोणीस तंटे मिटले. गावात तंटे अकराच होते. (उरलेले आठ शेजारच्या गावांकडून मागून आणावे लागले. त्यांनी ते मोठ्या मनानं दिले.)

फोनचे बाकीचे फायदेही सांगितले पाहिजेत. मिटलेला असताना तो खिशात चुकून कुणाला लागत नाही. उघडताना जो रुबाब येतो तो साध्या फोनला सात जन्मात यायचा नाही, आणि तहसीलमधला शिपाईदेखील तो पाहून "बसा" म्हणतो. तोट्यांचं म्हणाल तर हुशार असल्यानं त्याला भूक जबर. गावात बारा तास वीज नसायची आणि फोन दिवस मावळायच्या आत डोळे पांढरे करायचा. मग ताहेरच्या दुकानात नेऊन त्याचं पोट भरावं लागे. ताहेर नांदगावच्या स्टँडवर मोबाइल दुरुस्ती आणि चपला असं दुहेरी दुकान चालवायचा. "भौ, चप्पल दोन साल चालते, हा एक दिस बी नाई चालत," असं तो दर खेपेला ऐकवायचा, आणि मग चहा मागवायचा.

ती वर्षं वऱ्हाडात पथकांची होती. कापूस पिकवणाऱ्या माणसाचं नेमकं काय बिनसलं आहे हे पाहायला इतकी पथकं येत की लोक ती लांबूनच ओळखत. बाटलीतलं पाणी पिणारं दिल्लीचं, बिस्किटं खाणारं मुंबईचं, आणि उरलेला पुडा पिशवीत घालणारं जिल्ह्याचं. तेव्हा कापसाच्या भावाची तक्रार समितीपुढेही आली, त्यात नवल नाही. चंद्रभाननं रीतसर दुसऱ्या पक्षाला बोलावणं धाडायचं ठरवलं. पण दुसरा पक्ष कोण? कुणी म्हणे व्यापारी, कुणी म्हणे दिल्ली, कुणी म्हणे अमेरिका. तिघांपैकी कुणीच आलं नाही. तंट्याला दोन पक्ष लागतात, इथं एकच हजर, सबब हा तंटाच नव्हे, असं ठरलं. खट्. लोक थोडा वेळ बसून राहिले, मग उठून गेले.

आता मोठा तोटा. चंद्रभानची बायको मैनाबाई. बाई बोलायची कमी, पण बोलायची तेव्हा एकाच वाक्यानं सुरुवात करायची : "अजी, मी काय म्हन्ते..." या वाक्याच्या पुढे काय असतं, हे करंजखुटीत कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण चंद्रभानच्या अंगठ्याला आता सवय जडली होती. समोर कुणी गाऱ्हाण्याच्या सुरात बोललं की अंगठा आपोआप झाकणावर जायचा. 'मी काय म्हन्ते', खट्. जेवताना खट्, वखर बाहेर काढताना खट्. एका सकाळी मैनाबाई 'अजी' एवढंच म्हणाली आणि खट् झालं. तिनं नवऱ्याकडे नीट पाहिलं, पिशवी भरली आणि मोर्शीला भावाकडे निघून गेली.

भावाची संत्र्याची बाग. तोड चालू असेल, येईल चार दिवसांत, असं चंद्रभाननं धरून चाललं. ती आली नाही. त्यानं फोन केला. तिकडून "अजी, मी काय म्हन्ते" ऐकू आलं, आणि हात जळो, खट्! दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच.

चंद्रभानचे हाल कुत्रा खाईना. भाकर थापायला गेला तर तिचा नकाशा झाला. (त्यातही करंजखुटी नव्हती.) पण भाकरीचं राहू द्या. खरं सांगायचं तर त्याला ती हवी होती. घरात कुणी 'अजी' म्हणत नव्हतं, आणि त्या एका शब्दावाचून घर त्याला खायला उठलं होतं. त्यात ग्रामसेवकानं बातमी आणली : गाव तंटामुक्त ठरवायला पथक येणार, आणि ते अध्यक्षाच्या घरापासून सुरुवात करणार.

"अध्यक्षाचीच बायको माहेरी म्हणजे सगळं मुसळ केरात," ग्रामसेवक म्हणाला. "त्या येईपर्यंत तुमचं काही खरं नाही."

चंद्रभाननं ताहेरचं दुकान गाठलं. "ताहेर, हा मिटू नये असं काई कर गा."

"काय भौ!" ताहेर कपाळाला हात लावून म्हणाला. "लोकं म्हन्तेत उघडत नाई, खोलून द्या. तुमी म्हन्ता मिटू नये. घरी सब खैरियत?" चंद्रभाननं सगळं सांगितलं. ताहेरनं जरा विचार केला, समोरच्या पानवाल्याकडून एक अख्खी सुपारी आणली आणि बिजागरीच्या सांध्यात ठोकून बसवली. फोन आता उघडाच राहणार होता. "लगन सुपारीनंच ठरते, भौ. टिकते बी तिच्यानंच. जा, भाबीशी बोला."

चंद्रभान पिंपळाच्या पारावर जाऊन बसला आणि मोर्शीला फोन लावला. 'अजी, मी काय म्हन्ते' झालं. अंगठ्यानं जोर केला, सुपारीनं दाद दिली नाही. मग मैनाबाई बोलली. काय बोलली हे इथं देता येत नाही, कारण चंद्रभानलाही ते देता आलं नसतं. खट् करता येत नाही म्हटल्यावर त्यानं दुसरी युक्ती काढली होती. तो दर वाक्याला "हं" म्हणत होता, आणि मधल्या वेळात पारावर डुलकी घेत होता. बोलता बोलता तिकडचा आवाज मऊ झाला. "ऐकलं ना सारं?" तिनं विचारलं. "हं," चंद्रभान म्हणाला. "मंग येते मी," मैनाबाई म्हणाली. त्यानं आनंदानं झाकण दाबलं आणि फोन खिशात टाकला.

झाकण मिटलं नव्हतं, हे सांगायला नको. त्यामुळे फोनही चालूच होता.

एवढ्यात ग्रामसेवक आला. "काय झालं हो वहिनींचं?"

"मिटलं!" चंद्रभान छाती काढून म्हणाला. "बायकोचं काई कठीन नसते साहेब. हं हं करत राहाचं. मी तं अर्ध्यातच झोपलो होतो." खिशातून बारीकसा आवाज आला, पण दोघंही हसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पथक आलं. जीपचं दार उघडलं आणि सगळ्यांत आधी मैनाबाई उतरली. नांदगावला तिची एस.टी. चुकली होती, म्हणून पथकानं तिला जीपमध्ये घेतलं होतं. पथकातल्या साहेबांचे चेहरे वाटभर ऐकून थकलेले दिसत होते.

"अजी, मी काय म्हन्ते," मैनाबाई म्हणाली. चंद्रभाननं घाबरून फोन बाहेर काढला. तिनं तो हातातून घेतला, आणि ज्या बाजूला तो मिटत नाही त्या बाजूला मिटवला. सुपारी उडून ग्रामसेवकाला लागली.

"आता ऐका. तुमी मिटवलेलं एक बी भांडन मिटलं नाई. ही लीला अन् ही केशर रोज माह्या ओट्यावर येते अन् पयल्यापासून सुरू होते. सारं गाव येते! तुमी इकडं खट् करता, अन् मी तिकडं चहा मांडू मांडू मरून राहिली. हेच सांगत होती मी तुमाले दिवाळीपासून. चहापत्ती संपली, हे बी सांगाचं होतं."

"चुकलं माह्यं, मैना," चंद्रभान म्हणाला.

"थांबा, झालं नाई अजून."

तो थांबला. हातात काहीच नसल्यानं त्याला ऐकावं लागलं, आणि ऐकता ऐकता तो खरंच ऐकू लागला. पथक ओट्याच्या कडेला बसून राहिलं. शेवटी मोठ्या साहेबांनी शेरा लिहिला : "अध्यक्षांच्या पत्नी घरी हजर आहेत. पत्नी बोलत असून अध्यक्ष ऐकत आहेत. असे दृश्य पथकास तालुक्यात अन्यत्र आढळले नाही. गाव तंटामुक्त समजण्यास हरकत नाही."

चंद्रभानला हसण्याचा वाचकांना पूर्ण अधिकार आहे. वाचक सुधारलेले आहेत. त्यांचा फोन मिटत नाही, आणि बोलणाऱ्या माणसाच्या तोंडावर ते असं खटकन झाकण लावत नाहीत. ते नुसतं "हं" म्हणतात. तेव्हा एकच विचारायचं आहे. हे वाचत असताना मघाशी तुम्हाला घरातलं कुणीतरी काहीतरी म्हणालं, आणि तुम्ही मान वर न करता "हं" म्हणालात. काय म्हणालं होतं ते?