एक ते दहा, परदेशी

मानवजातीला आपली गरज आहे ही बाब लक्षात येताच मी परदेशातल्या एका शाळेत पंधरा दिवस विनामूल्य शिकवण्यासाठी रुजू झालो. निघताना आईने रीतसर निरोप दिला, "स्वतःचं ताट उचलत नाही, आणि निघालाय जग उचलायला."

तिथे पहिला धक्का असा की शाळेत मुलांपेक्षा गुरुजी जास्त. माझ्याआधी आलेले स्वयंसेवक व्हरांड्यात बसून मुलं रिकामी होण्याची वाट पाहत होते. त्यांचा वेळ जावा म्हणून वर्गाची मागची भिंत रंगवण्यासाठी राखीव होती. प्रत्येक तुकडी तिच्यावर एक फुलपाखरू काढी. पुढची तुकडी ते पांढऱ्या रंगाने झाकून स्वतःचं काढी. थरांवर थर चढून वर्ग आतून हातभर अरुंद झाला होता.

"अशीच सेवा चालू राहिली तर भिंत लवकरच फळ्याला टेकेल," मुख्याध्यापिका अभिमानाने म्हणाल्या.

यथावकाश माझा नंबर लागला. मी बोटं नाचवत एक ते दहा शिकवले. मुलं अडखळली, मी धीर दिला, मुलं दहापर्यंत पोचली आणि माझे डोळे भरून आले. पुढच्या बाकावरच्या मुलीने लगेच रुमाल पुढे केला. तो तिने तास सुरू होण्याआधीच काढून ठेवला होता. वर्गात तिला वकीलबाई म्हणत.

मधल्या सुट्टीत तिने मला गाठलं.

"सर, रागावू नका हं. आम्हाला दहापर्यंत येतं. पण पाहुण्यासमोर 'हे मला येतं' म्हणणं आमच्याकडे उद्धटपणा समजतात."

"कधीपासून येतं?"

"पहिलीपासून. आता पाचवीत आहे. प्रत्येक सर एकपासून सुरू करतात, दहाला रडतात आणि घरी जातात. मला भागाकार शिकवा ना! मोठ्या शाळेच्या प्रवेश परीक्षेला तोच असतो. तुम्ही जाल त्याच्या दुसऱ्याच दिवशी आहे."

मी पेटून उठलो. शाळेमागे लपूनछपून भागाकार सुरू झाला. पोरगी भलती चलाख. पण एका स्वयंसेविका ताईंच्या तासाला तिला राहवलं नाही. ताई 'तीन' शिकवत असताना हिने फळ्यावर चौऱ्याऐंशीला सातने भागून टाकलं. ताईंना हुंदका आवरेना. "मग मी एवढ्या लांब आले कशाला?"

मुख्याध्यापिकांनी मला तातडीने बोलावून घेतलं.

"मुलांना ज्ञान देण्यास आमची हरकत नाही. फक्त जाताना ते काढून घेऊन जा. सोमवारी नवी तुकडी येतेय. त्यांना शिकवायला काय शिल्लक ठेवलंत?"

"अहो, पण तिची परीक्षा?"

"तेच म्हणते मी. पास झाली तर जाईल ना ती! इतकी अनुभवी अडाणी मुलगी मी परत कुठून आणू?"



निरोप समारंभाला नवी तुकडी मोबाइल उगारून उभी होती. वकीलबाई हळूच माझ्याजवळ आली. "सर, बाकी उरली तर काय करायचं, तेवढंच राहिलंय. दोन मिनिटं द्या ना."

मी तिच्याकडे पाहिलं. मग मोबाइलांकडे पाहिलं. खिडकीतून उजेड नेमका माझ्या चेहऱ्यावर पडला होता. असा उजेड काही रोज मिळत नाही.

"बाळ," मी मोठ्याने विचारलं, "दहाच्या आधी काय येतं?"

तिने भागाकाराची वही मिटली. मग शाळेची शिस्त तिच्या मदतीला आली.

"अकरा," ती नम्रपणे म्हणाली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. मी तिला उचलून घेतलं. फोटो झकास आला. त्याच्याखाली सगळ्यात आधी बदाम तुम्हीच टाकलात, आणि लिहिलंत, "किती निरागस!"