लोखंड भायर ठेवा

इनासबाबांच्या घरात चपला घालून शिरलं तर चालत असे. खिशात किल्ल्या घेऊन शिरलेलं चालत नसे. "लोखंड भायर ठेवा, मगे बोला." त्यासाठी पडवीत एक टोपली होती. तिच्यात माझ्या शाळेच्या किल्ल्या, पारू मासळीवालीची सुरी, एकदा तर पोस्टमनची छत्रीसुद्धा मी पाहिली आहे.

इनासबाब बोटीवर रेडिओ ऑफिसर होते. किनाऱ्यावरचं केंद्र कुठल्या दिशेला आहे ते रेडिओवरून ओळखून कप्तानाला सांगायचं, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन मालवणात आले, पण काम सुटलं नाही. रोज सकाळी न्याहारीआधी ते खिडकीतल्या ट्रान्झिस्टरवर पणजी केंद्र लावून अख्खा ट्रान्झिस्टरच हळूहळू गोल फिरवत. ज्या रोखाने आवाज मेला, तिकडे पणजी. पणजी रात्रीतून हलली असती, तर मालवणात पहिली खबर यांनाच लागली असती.

चुकीची त्यांना भारी चीड. "दिस बुडालो की रेडियो थापो मारूक लागता," म्हणून संध्याकाळी तो बंद. आणि जवळचं लोखंड तर हाडवैरी. "मास्तरांनू, बोटीक भायरचो कोण फसयणा नाय. तिचाच लोखंड तिका फसयता."

अशा माणसाच्या खिडकीला लागूनच भली मोठी लोखंडी खाट होती. त्यांची बायको कार्मेलीन वारल्यापासून ती रिकामीच. इकडे माझ्या आईला जमिनीवरून उठवत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, उंच खाट हवी. ती खाट मिळवायचीच, असं ठरवून मी गेलो. किल्ल्या टोपलीत टाकल्या आणि त्यांचंच शास्त्र त्यांच्यावर उलटवलं.

"इनासबाब, घरातला सगळ्यात मोठा लोखंड ह्या खाटीचा. ती माझ्या आवशीक दिलास तर तुमची चूकच जायत."

"चार अंशांची चूक आसा," ते म्हणाले. "माका म्हायत आसा."

त्यांनी खणातून एक कागद काढला. रेडिओ कुठल्या दिशेला किती चुकतो, याचा तक्ता. गोल, जरा थरथरतं अक्षर. शेवटच्या तीन ओळी मात्र दुसऱ्या हाताच्या.

त्यांनी लोखंडी खाटेवर हात ठेवला. "मी फिरवी, कार्मेलीन हयसर पडान लिवी. शेवटचे तीन आकडे माझे." त्यांनी कागदाची घडी घातली. "खाट हलली, तर तिचे सगळे आकडे खोटे पडतले."

मला माझ्या हुशारीची लाज वाटली. किल्ल्या न घेताच घरी आलो.

दुसऱ्या दिवशी दोन गडी आमच्या दारात एक लाकडी खाट ठेवून गेले. वर माझ्या किल्ल्या होत्या. खाट इनासबाबांची स्वतःची होती. तेव्हापासून ते चटईवर झोपू लागले, त्या रिकाम्या खाटेशेजारी.