उखाआप्पांच्या दोरीवरची बाळुती

आमच्या शेजारच्या उखाआप्पांच्या अंगणात बाळुत्यांसारख्या चिंध्या वाळत असायच्या, आणि घरात लेकरू म्हणाल तर नव्हतंच. होती ती नवी कोरी रायफल.

आप्पा पहिल्या जर्मन लढाईवरून परतलेले. बायको, काशीमाय, मागल्या वर्षी गेलेली. सारंगखेड्याजवळ तापीकाठी आमचं गाव. भुईमूग शेंगांवर आला की पहाटे रानडुकरं शिरायची. म्हणून आप्पांनी परवाना काढला आणि नंदुरबारच्या गाडीनं रायफल आली. गावाला वाटलं, उद्याच डुक्कर पडणार. छे! आप्पा म्हणाले,

"नळी नवी शे. तिले आधी वळण लावनं पडी."

रोज सकाळी नदीच्या दरडीत एक गोळी झाडायची. लगेच नळीत ऊन पाणी ओतायचं, मग गजाला घासलेटाची चिंधी लावून आरपार सारायची, हा पोचारा. चिंधी काळी निघाली की धुऊन दोरीवर, आणि पुन्हा गोळी. "एक गोयी, एक पोचारा!" चिंधी पांढरी निघेपर्यंत डुकरावर नेम धरायचा नाही म्हणजे नाही.

चौथ्या दिवशी पाटील दारात येऊन ओरडले, "आप्पा, डुक्करे शेंगा खाई ऱ्हायनात नि तू नळी धोई ऱ्हायना!"

"नेम चुकना तं मंग तू धावशी का त्यासना मांगे?"

मी तेव्हा पहिलटकरीण, सातवा महिना, आणि तोंडाला कुलूप नाही. विहिरीवर बोलून गेले, "आप्पाना घर बाळंतीण कोण शे वं?" बाया खदखदल्या. वळून बघते तर आप्पा बादली घेऊन उभे! बादली भरली आणि चालू लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सहाव्या दिवशी चिंधी निघाली दुधासारखी. दुसऱ्या पहाटे एकच बार! कळपाचा म्होरक्या आमच्या बांधावर आडवा, बाकीची काठाकाठानं पसार. शेंगा वाचल्या! पाटलांनी ढोल लावून आप्पांना बैलगाडीतून मिरवलं. आप्पा गज उंचावून ओरडताहेत, "थांबा रे! गोयी व्हयनी, पोचारा बाकी शे!"

संध्याकाळी ते आमच्या ओट्यावर आले. हातात गाठोडं. आत जुन्या लुगड्याचे मऊ चौकोन, कडा दुमडून शिवलेले.

"तू बराबर बोलनी पोरी. बाळुतीच शेतस. काशीनी शिवेल व्हतात. घरमा पोर काही उनं नही... नळीले मऊ कापड लागस, म्हणीसन काढात. हाई बाकीनं तुन्हा बाळले."

थोरला जन्मला तेव्हा अंगण आमचंही मोठं होतं. पण बाळुती मी आप्पांच्याच दोरीवर घालायची. आणि आप्पा येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारून थांबवायचे, "देख, देख! मन्हा आंगनमा बाळुती वाळी ऱ्हायनात!"