लिफ्टमध्ये आडवं माणूस

बिरूअण्णा मला पहिल्यांदा दिसले ते मलकापुरातल्या एका नव्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये, आडवे झालेले. अंगाखाली घोंगडं, डोळे मिटलेले आणि पाय लिफ्टच्या बाहेर. दार बंद व्हायला यायचं, अण्णांच्या पोटऱ्यांना टेकायचं आणि लाजून मागं सरायचं. टाय लावलेला सेल्समन हात जोडून उभा होता.

"न्हाई बसत," घोंगडं झटकत अण्णा म्हणाले. "रद्द!"

मीही घर बघत होतो. घर बघणाऱ्याला रविवारी दुसरा उद्योग नसतो, त्यामुळं पुढं प्रत्येक साइटवर आमची गाठ पडू लागली. 'हायवे टच' वाचून जावं तर हायवे गाठायला रिक्षा लागते. 'रिव्हर व्ह्यू'च्या खिडकीतून ऊस दिसतो. आम्ही मास्तर लोक हे मुकाट ऐकून घेतो आणि वर ब्रोशर नीट घडी घालून घरी आणतो. अण्णांचं तसं नाही. म्हसवडकडचा हा गडी, बापजादे मेंढरांमागं हिंडलेले, स्वतः फौजेतून हवालदार होऊन परतलेला. दात बघितल्याशिवाय हे बकरं घेत नाहीत, तर फ्लॅट कुठून घेणार?

"कार्पेट किती?" हा पहिला प्रश्न. सेल्समन आकडा सांगायचा. अण्णा तो कानाआड करून खोलीत घोंगडं अंथरायला लागायचे.

"आवं सायेब, कार्पेट म्हंजी अंथरायचंच की! हे माजं कार्पेट. हालात किती बसत्यात ते बगतो. आन् तुमी ते सुपर बिल्टप म्हंताय न्हवं, त्येच्यावर जरा निजून दावा."

जिना, पॅसेज, भिंतीची जाडी, सगळं त्या 'सुपर'मध्ये धरलेलं असतं. त्यावर निजून दाखवायला एकही सेल्समन तयार झाला नाही.

मग सरबत्ती सुरू. जमिनीचं एनए झालंय का? सातबाऱ्यावर कुणाच्या बहिणीचं नाव राहिलंय का? पाणी नळाला येतं का टँकरला? भोगवट्याचा दाखला दावा. 'प्रोसेसमध्ये आहे' असं उत्तर आलं की अण्णा म्हणायचे, "लगीन बी प्रोसेसमधीच हाय, पर पोरगी नांदायला आली, असं झालं हे." आणि सगळे दमले की शेवटी तो प्रश्न यायचा.

"लिफ्टमधी आडवं माणूस बसतं का?"

सेल्समनचा चेहरा उतरायचा. घर बघायला आलेल्या बायका पदर सावरत बाजूला व्हायच्या. एक नवं जोडपं तर बुकिंग करता करता उठून गेलं. बिल्डर लोकांत अण्णांचं नाव 'मयतवाले अण्णा' पडलं. घरात पाऊल टाकलं नाही आणि बाहेर काढायची तयारी आधी! स्टाफरूममध्ये मी हा किस्सा रंगवून सांगत असे.

दिवाळीनंतरच्या रविवारी मात्र राहवलं नाही. म्हटलं, "अण्णा, एवढी घाई कशाला? त्या वेळी लोक जिन्यानं नेतातच की."

"कुनाला?" अण्णा माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "घरी चला गुरुजी. च्या घ्या."

घर जुन्या बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर, भाड्याचं. जिना इतका अरुंद की समोरून कुणी आलं तर एकानं माघार घ्यायची. आत खिडकीशी खाटेवर अण्णांच्या पत्नी, हौसाकाकू, उताण्या पडल्या होत्या. मणक्याचं दुखणं. त्यांना बसताच येत नाही.

"आज कुठल्या लिफ्टीत निजून आलासा?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

तळमजल्यावर का घर घेत नाही, असं मी अण्णांना विचारलं.

"तळमजल्याला आता गाड्या ऱ्हात्यात गुरुजी. माणसं वर."

"मग चौघांनी उचलून—"

"चौगांनी उचलून एकदाच जायाचं," काकूच म्हणाल्या. "जित्ती हाय तवर न्हाई."

"पण काकू, जायचंय कुठं?"

"कुठं न्हाई. खाली, रस्त्यावर. माजी माहेरची मेंढरं ह्याच रस्त्यानं जात्यात. कोकरू हे आनून देत्यात वर, पर कळप काय वर येतोय व्हय? मला कळपात निजायचं हाय."

एवढ्यात खालून घंटा वाजल्या. काकूंनी डोळे मिटले, आणि अण्णा गॅलरीकडं धावले.

"ए गड्या, थांब रं! कुठलं गाव?"

मेंढक्यानं वर बघून गाव सांगितलं आणि तो चालू लागला.

"आरं थांब की! पानी कुठं लागलं? मुक्काम कुठं? कुत्रं चावतं का? मागची मेंढरं कवा येनार?"

मेंढका वैतागला, पण वडीलधारं माणूस विचारतंय म्हणून थांबला. मेंढरं दारापुढंच घोटाळत राहिली. आत काकू कान देऊन घंटा ऐकत होत्या. गॅलरीत अण्णा नवा प्रश्न शोधत होते.