भोपळ्यात कोंडलेल्या फौजेच्या सुटकेची हकीकत

विरजणाची फौज आणि सुनेची अब्रू ज्या मोहिमेत एकाच भोपळ्यात कोंडली गेली, तिचे वर्तमान यथामति लिहितो, ते चित्त देऊन ऐकावे.

केरियोच्या तापल्या दरीची कन्या जेरोनोबाई, शाळेत विज्ञानाच्या उस्ताद, लग्न होऊन चेरंगानी डोंगरी कापचेरोप मुक्कामी आल्या, आणि नणंदेस मागणी घालण्यास शनिवारी मंडळी येणार ऐसी खबर आली, मग सासूबाई तापकिगेन सरकारांचा हुकूम जाहला, की मुरसिक, म्हणजे सुक्या पोकळ भोपळ्यात आंबवलेले दूध, या खेपेस सुनेने करावे. ते फसता पाहुण्यांपुढे घराण्याची नाचक्की, आणि सुनेची तर जन्माची. सबब बाईंनी भोपळा आतून कोळशाने घासला आणि दूध विरजले आणि माहेरच्या रिवाजाप्रमाणे घरातील सर्वांत गार कोपऱ्यात ठेवले. दरीत ते बरोबरच होते. डोंगरी जुलैत त्या कोपऱ्यात माणसाचे दात वाजत.

गुरुवारी झाकण काढले, तो दूध जैसे होते तैसे. विरजणातील जंतूंची फौज अगणित, भोवती दुधातील साखरेची रसद अपार, परंतु एकेका जंतूचा कोट स्निग्ध पडद्याचा, तो गारठ्याने थिजला, मग दरवाजे अडकले आणि शिपाई भरल्या कोठारात उपाशी राहिले. सासूबाई म्हणाल्या, "अगं, हे तर वासराला पाजायचं दूध. तुमच्या दरीत यालाच मुरसिक म्हणतात होय?" बाईंस रडू आले, ते त्यांनी गिळले.

इतक्यात त्याच कोपऱ्यातील चरबीचा डबा नजरेस पडला. आत चरबी गारठ्याने थिजून चमचा ताठ उभा रुतला होता. पडद्याचा हाच धडा आपण दरसाल मुलांकडून घोकवून घेतो आणि घरी विसरलो, हे ध्यानी येऊन बाई मनस्वी शरमल्या. मग भोपळा घोंगडीत गुंडाळून चुलीपासून दोन हातांवर नेला, कारण फार धग लागती तर कोटच ढासळता, आणि शाळेत रजा टाकून जातीने पहाऱ्यास बसल्या. पडदे सैल जाहले आणि दरवाजे उघडले आणि रसद आत गेली, मग आंबट वास घरभर सुटला.

शनिवारी पाहुण्यांतील वृद्धांनी घोट घेतला, मिशा पुसल्या, दुसरा पेला मागितला आणि पुसिले, "कोणाच्या हातचं हे?"

"माझ्याच," सासूबाई म्हणाल्या. "सून आमची शाळेत जाते, तिला कुठलं येतंय."

येणेप्रमाणे सोयरीक ठरली आणि फत्ते तापकिगेन सरकारांचे नावे दाखल जाहली. पाहुणे वळणापार जाताच सरकारांचा नवा हुकूम सुटला, की लग्नाचे मुरसिकही सुनेनेच करावे.