तरेंच्या घरची चौकशी

बसून बघायला काही पैसे पडत नाहीत, या एका विचारानं हरेश तरे त्या मोटारसायकलवर बसला आणि फसला.

खरं तर शोरूममध्ये जायचा त्याचा बेतच नव्हता. त्याची स्वतःची सोळा वर्षांची गाडी कल्याण नाक्याच्या पुढे बंद पडली, ती नेमकी शोरूमच्या दारात. किक मारून मारून तो घामाघूम झाला, तेव्हा आतून रीमा नावाची एक मुलगी पाण्याचा ग्लास घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, इंजिन थंड होईपर्यंत सर आत पंख्याखाली बसा. आत खुर्च्या होत्या. पण ती म्हणाली, खुर्चीवर कशाला, हिच्यावर बसून बघा.

ही म्हणजे साडेतीनशे सीसीची, काळीभोर, टाकीवर सोनेरी रेघ ओढलेली. हरेशनं हँडल धरलं आणि आरशात बघितलं. आरशातला माणूस त्याला बरा वाटला. (घरच्या आरशात असं होत नाही. घरच्या गाडीला एकच आरसा आहे आणि त्यात फक्त खांदा दिसतो.)

हरेश राहायला भिवंडीजवळच्या शेलार गावात आणि नोकरीला मानकोलीच्या बाजूला, एका मोठ्या गोदामात स्टॉक क्लार्क. लोकांनी घरबसल्या मागवलेली खोकी दिवसभर मोजायची आणि रवाना करायची हे त्याचं काम. कोणी मसाजचं मशिन मागवतं, कोणी मासे पकडायचा गळ. जगात प्रत्येक जण स्वतःसाठी काहीतरी मागवतोय आणि आपण फक्त मोजतोय, असं त्याला अलीकडे वाटू लागलं होतं. बेचाळीस वर्षांत आपण स्वतःसाठी काहीच घेतलं नाही, असं त्याचं म्हणणं. (त्याची बायको रंजिता हिचं म्हणणं वेगळं आहे. त्यात पळायचं एक मशिन येतं, ज्यावर आता टॉवेल वाळतात.)

रीमानं हप्त्याचा कागद पुढे केला. रोजच्या चहा-वडापावच्या पैशांत गाडी येते, असं ती म्हणाली. किती वडापाव ते तिनं सांगितलं नाही आणि हरेशनं विचारलं नाही. जुनी गाडी बदल्यात द्यायची, तीन वर्षं हप्ते भरायचे, दसऱ्याला नवी दारात. त्यानं अर्ज भरला. घरी सांगायचं का, हा प्रश्न त्याला पडला होता. पण आधी कर्ज मंजूर होऊ दे, मग सांगू, नाहीतर उगाच शोभा, असं त्यानं स्वतःला समजावलं. फॉर्मवर बायकोचा नंबर मागितला होता, तोही त्यानं लिहून टाकला. फॉर्मवर लिहिलेले नंबर कोणी लावत नाही अशी त्याची समजूत होती.

त्याची जुनी गाडी बघणारा मिस्त्री भिवंडीत एका गल्लीच्या तोंडाशी बसायचा. दुसऱ्या दिवशी हरेशनं त्याला सहज विचारल्यासारखं विचारलं, हिचे किती येतील. मिस्त्रीनं पाना खाली ठेवला. "साहब, सोला साल में इसका इंजन एक बार नहीं खोला मैंने. क्लच-प्लेट डालो, कार्बोरेटर साफ कराओ, और दस साल चलेगी. बेचना है तो बेचो, लेकिन बेचने के बाद मेरे पास रोने मत आना." हरेशला तो मिस्त्री त्या दिवशी जरा आगाऊ वाटला.

चार दिवसांनी संध्याकाळी तो घरी पोचला तेव्हा अंगण सारवल्यासारखं स्वच्छ होतं आणि ओटीवर त्याचा धाकटा भाऊ विपुल दाढी कोरून, इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. विपुल बत्तीस वर्षांचा. स्वतःच्या टेम्पोतून कापडाचे तागे पोचवायचं काम करायचा. सरळ, कष्टाळू आणि बिनलग्नाचा. गेल्या चार वर्षांत नऊ ठिकाणांहून नकार आले होते. कोणाला नोकरीवाला पाहिजे होता, कोणाला ठाण्यात फ्लॅट. वडील गेल्यापासून त्याच्या लग्नाची सगळी काळजी आईनं, म्हणजे हौसाबाईंनी, एकटीनं डोक्यावर घेतली होती. आदल्याच रविवारी ती एसटीनं गणेशपुरीला मावसबहिणीकडे जाऊन विपुलचा बायोडाटा देऊन आली होती.

हरेशनं बूट काढायच्या आतच हौसाबाई बाहेर आल्या. त्यांच्या चेहऱ्यावर असं तेज त्यानं मेघालीच्या, म्हणजे त्याच्या मुलीच्या, बारशानंतर पाहिलं नव्हतं.

"पोरीकडचा माणूस येऊन गेला," त्या म्हणाल्या. "मितेश नाव त्याचं. हरेश तरेंचं घर हेच का, चौकशीला आलोय म्हणाला."

हरेशनं विचारलं, कसला माणूस. हौसाबाईंनी सगळं सविस्तर सांगितलं. दुपारची वेळ होती, रंजिता अंगणवाडीत कामावर, पोर शाळेत, घरात त्या एकट्याच. मितेशच्या अंगात कडक शर्ट, हातात फाईल. घर स्वतःचं का, किती वर्षं राहता, माणसं किती, मुलाला व्यसन काय, दुसरं कर्ज आहे का, असं अगदी घरच्यासारखं त्यानं विचारलं. दाराचा आणि दारावरच्या पाटीचा फोटो काढला. शेजारच्या दोघांशी बोलायचं आहे म्हणाला, तेव्हा त्यांनी लडकूकाकाला हाक मारली. लडकूकाकानं मुलाच्या स्वभावाची इतकी तारीफ केली की मितेशला लिहिता लिहिता पान उलटावं लागलं. मग त्याला पोहे दिले, वर दोन पेढे.

हरेशचा एक बूट पायात होता, एक हातात. हा कर्जाच्या चौकशीचा माणूस, हे त्याला कळलं. गोदामात आत जाताना मोबाईल लॉकरमध्ये ठेवावा लागतो. त्याच्यावर दुपारचे तीन फोन होते, अनोळखी नंबरचे, आणि ते त्यानं पाहूनही सोडून दिले होते.

"एकच गोष्ट जरा इचित्र वाटली," हौसाबाई म्हणाल्या. "त्याच्या कागदावर रंजिताचं नाव होतं. इचारलं, ह्या कोण? मी सांगितलं, ती घरातलीच हाय, लई गुणाची. नवीन सून आली तर ती आडवी येणार न्हाय, उलट तिला सगळं शिकवील. तर तो माझ्याकडं बघतच राह्यला."

"मग?" हरेशनं विचारलं.

"मंग काय. मी म्हटलं, आमची तयारी हाय, तुळशीचं लगीन झालं की बार उडवू. त्यानं तेपण लिहून घेतलं."

त्याच वेळी सांगून टाकायला पाहिजे होतं, हे हरेशला पुढे अनेकांनी सांगितलं. पण समोर आई होती आणि आईच्या मागे, मोबाईलमध्ये डोकं घालून, पण कान इकडे लावून, विपुल बसला होता. हरेशनं दुसरा बूट काढला आणि म्हणाला, बघू, काय निरोप येतो ते.

निरोपाची वाट बघण्यात दोन दिवस गेले. हौसाबाईंनी पाहुण्यांसाठी सोनेरी काठाचे सहा नवे कप आणले. दुसऱ्या दिवशी सकाळी विपुल टेम्पो धूत होता, तेव्हा हरेश शेजारी जाऊन उभा राहिला, सांगायचंच असं ठरवून. विपुल पाण्याचा पाईप तसाच हातात धरून म्हणाला, "दादा, तुला काय वाटतं रे? होईल का यावेळेला?" चार वर्षांत त्यानं असं कधी विचारलं नव्हतं. नकार आला की तो नुसता टेम्पो घेऊन निघून जायचा. हरेश म्हणाला, होईल, का नाही होणार. आणि डब्याची पिशवी घेऊन कामावर गेला. त्या दिवशी त्यानं गोदामात एकच रांग दोनदा मोजली आणि दोन्ही वेळा आकडा वेगळा आला.

त्याच दिवशी रात्री जेवणं चालली होती. रंजितानं सगळ्यांना तांदळाच्या भाकऱ्या वाढल्या, सुकटीचं कालवण वाढलं, स्वतः बसली आणि मग म्हणाली, "आज अंगणवाडीत मला एका साहेबांचा फोन आला. फायनान्स कंपनीतून. फार सभ्य माणूस. तुमच्या दुसऱ्या लग्नाला माझी संमती आहे का, असं विचारत होते."

मेघालीचा घास हातात राहिला.

"कोणाच्या लग्नाला?" हौसाबाईंनी विचारलं.

"तुमच्या थोरल्या चिरंजीवांच्या."

"मग तू काय सांगितलंस?" हरेशनं विचारलं. (त्या क्षणी हा प्रश्न पहिला विचारायचा नव्हता, हे त्याच्याही नंतर लक्षात आलं.)

"मी म्हटलं, माझी हरकत नाही, पण हप्ते कोण भरणार ते आधी कळू द्या."

मग हरेशनं सांगितलं. शोरूमच्या दारात बंद पडलेली गाडी, पाण्याचा ग्लास, सोनेरी रेघ, मितेश, सगळं. सांगताना त्याला वाटत होतं की आता कोणीतरी ओरडेल आणि मग बरं वाटेल. कोणी ओरडलं नाही. हौसाबाई ताटावरून उठल्या, मोरीत हात धुतले, सोनेरी काठाचे कप एकेक करून कागदात गुंडाळले आणि खोक्यात भरून कपाटावर ठेवले. सहाव्या कपाला कागद पुरला नाही, तेव्हा त्यांनी तो पदराच्या टोकानं पुसला आणि तसाच ठेवला.

विपुलनं ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "गाडी कोणती होती, दादा?"

हरेशनं मोबाईलमधला फोटो दाखवला. रीमानं काढलेला, गाडीवर बसल्याचा. विपुलनं तो बोटांनी मोठा करून पाहिला. "चांगली आहे," तो म्हणाला. "तुला शोभली असती." हरेशनं मोबाईल पालथा ठेवला.

रात्री आवराआवर झाल्यावर त्यानं रंजिताला विचारलं, रागावलीस का. ती म्हणाली, "मला आधी विचारलं असतंत तर मी नाही म्हटलं असतं. मग चार दिवस घुसमटत फिरला असतात, ते बघून मी हो म्हटलं असतं. तुम्हाला ते चार दिवसच नको होते." हरेश अंधारात पडून राहिला आणि सोळा वर्षांचा हिशेब करू लागला. मेघाली पोटात असताना रंजिताला याच गाडीवरून खड्डे चुकवत दवाखान्यात नेलं होतं. वडिलांना दवाखान्यातून शेवटचं घरी आणलं, तेही हिच्यावरूनच, मागे विपुल त्यांना मिठी मारून बसलेला. त्यावेळी गाडी जुनी आहे की नवी, हे कोणाच्या मनातही आलं नव्हतं. पण आणखी एक गोष्ट त्याच्या लक्षात आली आणि ती त्याला जास्त टोचली. चार वर्षांत भावासाठी मुलगी बघायला तो एकदाही स्वतःहून निघाला नव्हता. दर वेळी आईच एसटीच्या रांगेत उभी राहिली होती. दारात गाडी असून.

कंपनीचा मेसेज सोमवारी आला. सध्याच्या कौटुंबिक परिस्थितीत आपला अर्ज मंजूर करता येत नाही. रीमानं फोन करून सहा महिन्यांनी पुन्हा प्रयत्न करा म्हणून सांगितलं, आणि जरा थांबून, घरी सगळं ठीक होईल, असा धीरही दिला. हरेशनं तिचे आभार मानले आणि गाडी ढकलत मिस्त्रीकडे नेली. प्लेट टाकली, कार्बोरेटर साफ केला, दुसरा आरसा बसवला. मिस्त्रीनं एका किकमध्ये गाडी चालू करून त्याच्याकडे बघितलं.

पुढच्या रविवारी हरेश आईला मागे बसवून गणेशपुरीला गेला. त्याच्या पुढच्या रविवारी वज्रेश्वरीला, मग दिघाशीला. हौसाबाई पहिले दोन रविवार त्याच्याशी कामापुरतंच बोलल्या. तिसऱ्या रविवारी त्यांनी वाटेत भजी घ्यायला सांगितली आणि त्यातली चार त्याला दिली. तुळशीच्या लग्नानंतर मावशीकडून खरोखरच निरोप आला. गणेशपुरीचे केसरीनाथ म्हणून गृहस्थ, त्यांचं पूजेच्या सामानाचं दुकान, मुलगी करिष्मा. मुलगी स्वतः दुकान सांभाळायची आणि टेम्पोवाला चालेल, पण दारू पिणारा नको, एवढीच तिची अट होती.

सगळे तरे तिथे गेले. विपुल टेम्पो घेऊन, त्यात हौसाबाई आणि मेघाली, मागून हरेश आणि रंजिता गाडीवर. घरातला कर्ता पुरुष म्हणून बोलायचं काम हरेशकडे होतं आणि त्यानं तयारी केली होती. शेती किती, टेम्पो कोणाच्या नावावर, सगळं त्यानं नीट सांगितलं. शेवटी छाती पुढे काढून म्हणाला, आणि आमच्या घरात आज एकही हप्ता नाही.

केसरीनाथांनी चहाची बशी खाली ठेवली. "एकही नाही?" त्यांनी विचारलं. "आजकाल बिनहप्त्याचं घर मी बघितलं नाही. का, कोणी देत नाही का तुम्हाला?"

हरेश काहीतरी भारदस्त उत्तर जुळवत होता. तेवढ्यात हौसाबाई म्हणाल्या, "मागितलं होतं ना यानं. त्यांनी न्हाय म्हटलं." आणि का नाही म्हटलं तेही त्यांनी अथपासून इतिपर्यंत सांगून टाकलं, पेढ्यांसकट. रंजिता पदर तोंडाला लावून बसली. विपुल जमिनीकडे बघत होता, पण त्याचे खांदे हलत होते. आतल्या खोलीतून कोणीतरी हसलं, दाबून हसायला गेलं आणि ते जमलं नाही. विपुलनं मान वर करून त्या दाराकडे बघितलं.

आठ दिवसांनी होकार आला. लग्न माघात ठरलं. होकाराबरोबर केसरीनाथांनी मावशीजवळ असंही सांगितलं होतं की घर पसंत आहे, मुख्य म्हणजे थोरला भाऊ असा आहे की त्याच्याकडून काही लपून राहायचंच नाही, मुलगी डोळे मिटून द्यावी.

हे ऐकून हरेश दोन दिवस मान ताठ करून गावातून फिरला. लडकूकाकालाही त्यानं थांबवून सांगितलं. तिसऱ्या दिवशी रंजितानं त्याला 'लपवत नाही' आणि 'लपवता येत नाही' यातला फरक समजावून सांगितला.